मुलाचा दहा नंबर गेला, आता त्याला अकादमीतून काढू का?

कोल्हापुरातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं: "मी तरुणपणी पेठेतल्या संघातून फॉरवर्ड खेळायचो. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. शाळेच्या स्पर्धांत दहा नंबरची जर्सी त्याचीच असायची. गोल करायचा, दुसऱ्यांना करून द्यायचा. पुण्याजवळच्या एका निवासी अकादमीत त्याला घातलं. यंदा तिथे नवे कोच आले आणि त्यांनी त्याला मागे ओढून डिफेन्सिव्ह मिडफिल्डला उभं केलं. अख्ख्या हंगामात एक गोल नाही. बॉल अडवायचा आणि बाजूच्याला द्यायचा, बास. मी चेल्सीचा जुना चाहता. नायजेरियाच्या जॉन ओबी मिकेलचं त्या क्लबने काय केलं ते मी बघितलंय. मेस्सीच्या तोडीचा पोरगा, त्याला मागे बांधून घातलं आणि करिअर वाया घालवलं. माझ्या मुलाचं तेच चाललंय. दुसऱ्या एका अकादमीचा माणूस म्हणतो, आमच्याकडे तो दहा नंबरलाच खेळेल, पण आठवड्याच्या आत फॉर्मवर सही पाहिजे. बायको म्हणते, घाई करू नका. मुलाला विचारलं तर 'सर सांगतील ते' एवढंच बोलतो. काय करू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात मुलापेक्षा मिकेलवर जास्त ओळी आहेत. तुमचा निर्णय त्याच उदाहरणावर उभा आहे, म्हणून आधी मिकेलबद्दलच बोलू.

मिकेलच्या सुरुवातीबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. 1987 साली नायजेरियातल्या जॉस शहरात जन्मलेला हा मुलगा तिथल्या प्लॅटो युनायटेडकडून खेळत वर आला आणि तिथून नॉर्वेतल्या लिन ऑस्लो या क्लबात गेला. 2005 साली नेदरलँड्समध्ये 20 वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामना युट्रेख्तला, अर्जेंटिना विरुद्ध नायजेरिया. अर्जेंटिना 2-1 ने जिंकली, दोन्ही गोल मेस्सीचे, दोन्ही पेनल्टीवर. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मेस्सी ठरला आणि दुसऱ्या क्रमांकावर होता मिकेल. त्या संघात तो पुढे खेळायचा, बॉल पायात घेऊन वळायचा, फट शोधून पास सोडायचा. त्यांचा आधीचा लाडका जादूगार खेळाडू जे-जे ओकोचानंतर आता हाच, असं नायजेरियातल्या लोकांना वाटलं त्यात नवल नव्हतं.

मग तो इंग्लंडमधल्या चेल्सीत आला. तिथे क्लोद मकेलेले बचावफळीच्या पुढची जागा धरून होता आणि त्याचं वय वाढत चाललं होतं. प्रशिक्षक मोरिन्योने मिकेलला त्याच जागेसाठी तयार केलं. सुरुवात काही सुखाची नव्हती. लाल कार्ड, सरावाला उशीर, दंड, सगळं झालं. पण 2008 मध्ये मकेलेले पॅरिसला गेला, मायकेल एसियनचा गुडघा दुखावला, आणि ती जागा मिकेलचीच झाली. चेल्सीसाठी तो एकूण 372 सामने खेळला आणि त्यात त्याचे गोल सहा. प्रीमियर लीगमधला पहिला गोल 21 सप्टेंबर 2013 ला, फुलमविरुद्ध. क्लबात येऊन त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. नुसते गोल मोजले तर तुमचा खटला इथेच सिद्ध होतो.

पण 19 मे 2012 ची रात्र तुम्हीही जागून काढली असेल. म्युनिकमध्ये, बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. चेल्सीचे टेरी, इव्हानोविच, रामिरेस आणि मेरेलेस हे चौघे निलंबित होते. केहिल आणि डेव्हिड लुईझ दुखापतीतून नुकतेच उठून आलेले. डावीकडे रायन बर्ट्रंड, त्याचा चॅम्पियन्स लीगमधला पहिलाच सामना. मध्ये लॅम्पार्ड आणि मिकेल. बायर्नला वीस कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. तो एक कॉर्नर, 88 व्या मिनिटाला ड्रोग्बाचं डोकं आणि 1-1 एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. पुढे जादा वेळेत चेल्सीचा गोलरक्षक चेकने बायर्नच्या रॉबेनची पेनल्टी अडवली, मग शूटआउट, मग कप. तुमच्याकडे तो सामना असेल तर पुन्हा लावा आणि या वेळी फक्त बारा नंबरकडे, म्हणजे मिकेलकडे बघा. बॉलकडे बघू नका. बायर्नचा रिबेरी आत वळतो तेव्हा मिकेल कुठे उभा आहे, त्यांचा क्रूस वर बघतो तेव्हा कोणत्या पासच्या वाटेत आहे, बर्ट्रंड थकून पुढेच राहिला की कोणाच्या मागची जागा भरतो. तो 120 मिनिटं मैदानात होता. बॉल पेनल्टी क्षेत्रात घुसण्याआधीच किती वेळा माघारी फिरला, ते त्याच्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही फॉरवर्ड होतात. समोरचा असा एखादा खेळाडू दिवसभर पायात पाय घालत असेल तर किती वैताग येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक असणार.

म्हणून तुमच्या पत्रातल्या "बॉल अडवायचा आणि बाजूच्याला द्यायचा, बास" या वाक्यापाशी मी थांबले. हे काम 'बास' म्हणण्याइतकं लहान नाही. बॉल येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यावं लागतं. पाठीवर माणूस असताना पहिल्याच स्पर्शात कुठल्या बाजूला उघडायचं ते ठरवावं लागतं. संघ धापा टाकत असेल तर खेळ मंद करायचा, समोरचा विस्कळीत असेल तर त्याच क्षणी पुढे खेळायचं. नाजूक पाय असलेला, पुढचं दिसणारा मुलगा कोच अनेकदा मुद्दाम तिथे नेतात, कारण संघाचा प्रत्येक हल्ला तिथून सुरू होतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच कारण असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण कारण काय ते तुम्हीही अजून कोचना विचारलेलं दिसत नाही.

आता दुसरी बाजू. मिकेलचं काहीच गेलं नाही असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. चेल्सीत त्याच्या पाठीवर बारा नंबर होता आणि नायजेरियासाठी दहा. राष्ट्रीय संघात त्याला पुढे खेळायची मोकळीक मिळायची आणि तिथे कधीकधी तो जुना मुलगा दिसायचा. 2013 च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये उरुग्वेविरुद्ध त्याने पेनल्टी क्षेत्रात वळून डाव्या पायाने मारलेला गोल बघा, मी काय म्हणते ते कळेल. नायजेरिया तो सामना हरली, पण तो गोल सहाच्या, म्हणजे डिफेन्सिव्ह मिडफिल्डच्या जागेवरच्या माणसाचा नव्हता, तो दहा नंबरचाच होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत जोहान्सबर्गला बुर्किना फासोला 1-0 ने हरवून नायजेरियाने 19 वर्षांनी आफ्रिका चषक जिंकला, त्या संघाचा मधला खांब मिकेल होता. त्या वर्षाचा आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला तेव्हा याया तुरेच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक त्याचा लागला. तरीही ओकोचासारखी जादू दर सामन्याला बघायला मिळेल ही लोकांची आशा पुरी झाली नाही, आणि त्याबद्दल त्याने घरी बोलणीही खूप खाल्ली. वर्षभर क्लबात एक शिस्त अंगात मुरवायची आणि चार दिवसांसाठी ती उतरवून ठेवायची, हे फार अवघड आहे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर युट्रेख्तच्या त्या मुलातला एक खेळाडू आपल्याला पुरता बघायला मिळालाच नाही, आणि त्याची मलाही हळहळ वाटते.

पण या हळहळीवरून "वाया गेलं" हा निकाल निघत नाही. दोन प्रीमियर लीग, एक चॅम्पियन्स लीग, एक युरोपा लीग, एफए कप, आफ्रिका चषक, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कर्णधार म्हणून कांस्यपदक. त्याहून मला मोठी वाटते ती एक गोष्ट यादीत येत नाही. चेल्सीत तो साडेदहा वर्षं होता. त्या काळात मोरिन्यो, ग्रँट, स्कोलारी, हिडिंक, अँचेलोटी, व्हिलास-बोआस, डी मात्तेओ, बेनिटेझ, पुन्हा मोरिन्यो असे प्रशिक्षक येत-जात राहिले. नवा माणूस आला की आपल्या पसंतीचे खेळाडू आणतो आणि जुन्यांची गठडी वळतो. मिकेलचं काम मात्र जवळपास प्रत्येकाला लागलं. कोन्ते आला तेव्हा कुठे त्याची जागा संपली आणि जानेवारी 2017 मध्ये तो चीनला गेला. तुमच्या मुलाचे कोच यंदा नवे आहेत, दोन वर्षांनी आणखी कोणी येईल. तेव्हा दोन जागांवर खेळता येणारा मुलगा कोचच्या लहरीवर कमी अवलंबून राहील.

कोल्हापुरात फुटबॉल कसा बघितला जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. शाहू स्टेडियमवर गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी पेठेत त्याचाच फोटो. तुम्ही त्या गर्दीसमोर गोल केलेत, ते कौतुक अनुभवलंत, आणि मुलालाही ते मिळावं असं वाटणं यात काहीच गैर नाही. पण एक विचारते. हंगामात एक गोल नाही याचं दुःख मुलाला झालंय, की तुम्हाला? पत्रात तुमचं दुःख मला पानभर दिसलं. त्याचं म्हणून तीन शब्द आहेत, "सर सांगतील ते".

या तीन शब्दांचे अर्थ अनेक निघू शकतात. कदाचित त्याला ती जागा आवडू लागली असेल आणि तुम्हाला सांगायची भीती वाटत असेल. कदाचित तो आतून खचला असेल. कदाचित तुम्ही आणि कोच यांच्यामध्ये सापडल्यामुळे त्याने बोलणंच बंद केलं असेल. मैदानात खेळणारा माणूस मनात काय घेऊन खेळतोय हे गॅलरीतून कळत नाही. मिकेलचंच बघा. 26 जून 2018, सेंट पीटर्सबर्ग, वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्धचा सामना. समोर पुन्हा मेस्सी, नायजेरियाचा कर्णधार मिकेल. सामन्याच्या काही तास आधी त्याला फोन आला की वडिलांचं अपहरण झालं आहे. कोणाला सांगितलंस तर त्यांना मारून टाकू, अशी धमकी होती. त्याने प्रशिक्षकाला सांगितलं नाही आणि सामना खेळला. नायजेरिया 86 व्या मिनिटाच्या गोलने 2-1 अशी हरली. 2 जुलैला पोलिसांनी वडिलांना सोडवलं, तेव्हा जगाला हे कळलं. 2011 मध्येही त्यांचं असंच अपहरण झालं होतं. तो सामना टीव्हीवर बघून "आज मिकेल ढिला वाटतोय" असं म्हणणारे त्या संध्याकाळी कितीतरी असतील. तुमच्या घरी असलं संकट कधीही न येवो. पण वसतिगृहात राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या मनावरही ओझी असतात, आणि "आज गोल झाला का?" या प्रश्नाने ती बाहेर येत नाहीत.

म्हणून पुढच्या सुट्टीत तो घरी आला की एक दिवस फुटबॉलचा विषय तुम्ही काढू नका, त्याला काढू द्या. मग विचारा, या जागेवर खेळताना तुला सगळ्यात अवघड काय जातं? कोणत्या क्षणी मजा येते? पुढे खेळायची आठवण येते का? उत्तर येईपर्यंत गप्प बसा, मध्ये आपला जुना सामना सांगू नका. "मला पुढेच खेळायचंय" असं तो म्हणाला तर ते कोचना स्वतः सांगायला त्याला धीर द्या. तुम्ही त्याच्या वतीने भांडलात तर तो कायम तुमच्या मागे उभा राहील. मिकेलही सांगितलेली जागा वर्षानुवर्षं निमूट खेळला, पण तो मुका नव्हता. मार्च 2020 मध्ये तुर्कस्तानात महामारीतही लीग चालू ठेवली गेली, तेव्हा हे मला पटत नाही असं त्याने उघड सांगितलं आणि ट्राबझोनस्पोर क्लब सोडला. मुलाला दोन्ही शिकू द्या.

कोचशी तुम्हीही बोला, पण सामना संपल्या संपल्या मैदानाच्या कडेला नको आणि बाकीच्या पालकांसमोर तर अजिबात नको. वेळ मागून जा. त्यांना विचारा की हा बदल संघाची गरज म्हणून आहे की मुलाच्या घडणीसाठी. या जागेवर त्याने वर्षभरात काय शिकावं अशी त्यांची अपेक्षा आहे. काही सामन्यांत किंवा सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात त्याला पुढे सोडता येईल का. सराव संपल्यावर वळून फटका मारण्याचा, शेवटचा पास देण्याचा सराव त्याने चालू ठेवला तर चालेल का. चांगला कोच या प्रश्नांनी चिडत नाही. त्याच्याकडे उत्तरं असतात आणि त्यांत तुमच्या मुलाच्या खेळातले बारकावे असतात. कदाचित त्यातलं एखादं कडू असेल, म्हणजे पुढच्या जागेसाठी त्याचा वेग कमी पडतो वगैरे. तेही ऐकून घ्या. उलट कोचना मुलाचं नावसुद्धा आठवावं लागत असेल, "तिथे कोणी नव्हतं म्हणून टाकला" एवढंच कारण असेल आणि शिकवणं शून्य असेल, तर हंगाम संपल्यावर अकादमी बदलण्यात काही चूक नाही. त्या वेळी बदलाच.

अशी पत्रं मला इतर खेळांतूनही येतात. चढाईपटू म्हणून गाजलेल्या मुलीला कबड्डीत कोपऱ्यावर उभं केलं, स्मॅश मारणाऱ्याला व्हॉलीबॉलमध्ये सेटर केलं. त्या आईवडिलांनाही मी हेच विचारेन: शिकवलं जातंय का, आणि मूल काय म्हणतंय?

आता त्या फॉर्मकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. मिकेलच्या करिअरमधलं सर्वांत उघड नुकसान जागा बदलल्याने झालं नाही, ते सहीने झालं. एप्रिल 2005 मध्ये, नुकती अठरा पूर्ण होत असताना, त्याने मँचेस्टर युनायटेडशी करार केल्याची घोषणा झाली. त्या सहीच्या वेळी त्याचा एजंट तिथे नव्हता, आणि पुढे आपल्यावर दबाव आणला गेला असं त्याने सांगितलं. चेल्सीचं म्हणणं वेगळं, लिन ऑस्लोचं वेगळं, मध्ये फिफा. जून 2006 मध्ये चेल्सीने युनायटेडला 1 कोटी 20 लाख पौंड आणि लिनला 40 लाख पौंड द्यायचं कबूल केलं तेव्हा प्रकरण मिटलं. जागतिक स्पर्धेत दुसरा ठरलेला मुलगा आयुष्यातलं एक सोन्यासारखं वर्ष कागदांच्या भांडणात अडकून राहिला. त्याच्यामागे वकील होते, कोट्यवधी ओतणारा क्लब होता. तुमच्या मुलामागे फक्त तुम्ही आहात.

तेव्हा आठवड्याची मुदत घालणाऱ्या त्या गृहस्थांना शांतपणे सांगा की हंगाम संपेपर्यंत सही होणार नाही, आणि फॉर्मची प्रत घरी वाचायला हवी आहे. प्रत द्यायला नकार दिला तर विषय तिथेच संपला. दिली तर ओळीने वाचा: मुलाची नोंदणी किती वर्षांसाठी त्यांच्याकडे राहणार, मध्येच सोडायचं झालं तर काय अट आहे, पैसे भरायचे का आणि परत मिळतात का, दहावी-अकरावीच्या शिक्षणाची सोय काय, दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोणाचा. मुलाची सध्याची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रणालीत कोणत्या क्लबच्या नावावर आहे आणि तिथून मोकळं व्हायला काय लागतं, हे आताच्या अकादमीच्या कार्यालयात विचारून घ्या. ओळखीतल्या एखाद्या वकिलालाही कागद दाखवा. "दहा नंबरलाच खेळवू" हे वाक्य त्या फॉर्मवर कुठे छापलंय का तेही बघा. ते नसणारच, कारण कोणती जागा द्यायची ते तिथला कोच ठरवतो, आणि तो कोचही उद्या बदलू शकतो. वाचून झाल्यावर तोच फॉर्म मुलासमोर ठेवा आणि त्याच्या आईलाही शेजारी बसवा. सही तुमची लागणार असली तरी खेळायचं त्याला आहे.